ई-सायकलची चेन: झीज, मोजणी आणि बदल – वारंवार विचारले जाणारे प्रश्न

ही माहिती कोणत्या गाड्यांसाठी आहे?

पायडल असलेल्या इलेक्ट्रिक सायकलींसाठी. आपल्याकडे ज्यांची मोटर २५० वॉटच्या आत आणि वेग ताशी २५ किलोमीटरच्या आत असतो, आणि म्हणून ज्यांना नंबरप्लेट लागत नाही, त्या. इलेक्ट्रिक स्कूटर किंवा मोटारसायकलची चेन हे वेगळं प्रकरण आहे. तिथलं तेल वेगळं, पाने वेगळे आणि हिशेबही वेगळा.

ई-सायकलची चेन साध्या सायकलपेक्षा लवकर झिजते म्हणतात. खरं का?

आधी खाली वाकून मोटर कुठे आहे ते बघा. अर्धं उत्तर तिथेच मिळेल.

मागच्या चाकाच्या मधोमध जाड गोल डबा दिसत असेल तर ती हब मोटर. ही मोटर थेट चाक फिरवते. तिची ताकद चेनमधून जातच नाही, चेनमधून फक्त तुमच्या पायांची ताकद जाते. भारतात विकल्या जाणाऱ्या बहुतेक ई-सायकली या प्रकारातल्या आहेत. यांची चेन साध्या सायकलच्या चेनइतकीच टिकते. मोटर हातभार लावते आणि पाय कमी जोर लावतात, त्यामुळे कधीकधी थोडी जास्तही टिकते.

मोटर दोन पायडलांच्या मध्ये, क्रँकच्या (पायडल ज्यांना जोडलेले असतात त्या दांड्यांच्या) जागी असेल तर ती मिड-ड्राइव्ह. इथे पायांची आणि मोटरची अशी दोन्ही ताकद एकाच चेनमधून मागे जाते. किती, ते बघा. ६० किलोचा माणूस १७० मिलीमीटरच्या क्रँकवर अख्खं वजन टाकून उभा राहिला तर साधारण १०० न्यूटन-मीटर टॉर्क, म्हणजे फिरवणारा जोर, तयार होतो, तोही पायडल आडवं असताना, क्षणभर. डोंगरात चालवायच्या बऱ्याच मिड-ड्राइव्ह मोटरी एकट्या ८५ न्यूटन-मीटरपर्यंत देतात, काही त्याहूनही जास्त, आणि चढ संपेपर्यंत देत राहतात. ३८ दात्यांच्या चेनव्हीलवर (क्रँकजवळच्या पुढच्या दातेचक्रावर) ८५ न्यूटन-मीटर म्हणजे चेनवर सुमारे ११० किलोचा ताण, आणि तुमचे पाय वरून आणखी. अशा गाडीची चेन लवकर झिजणारच.

इंटरनेटवर जे सल्ले सापडतात ते बहुतेक युरोपातल्या मिड-ड्राइव्हवाल्यांचे असतात. ते वाचून आपल्याकडचा हब मोटरवाला घाबरतो आणि दर हजार किलोमीटरला चेन बदलत बसतो. त्याची काही गरज नसते.

मग किती किलोमीटरला बदलायची?

ठाम आकडा सांगणाऱ्यावर फार विसंबू नका. मिड-ड्राइव्हवर साधारण दीड ते तीन हजार किलोमीटर आणि हब मोटरवर तीन ते पाच हजार असा ढोबळ अंदाज चालतो. पण रोज कोरड्या रस्त्याने ऑफिसला जाणारी गाडी आणि पावसाळाभर कोकणात तांबड्या मातीतून फिरलेली गाडी यांच्या चेनचं वय एका मापाने मोजता येत नाही. किलोमीटर आठवण ठेवण्यापुरते धरा. निर्णय मोजून घ्यायचा.

चेन "ताणली" म्हणजे पोलाद लांब होतं का?

नाही. पट्ट्या आहेत तेवढ्याच राहतात, झिजतात ते सांधे. प्रत्येक कडीतून एक पिन जाते आणि तिच्याभोवती आतल्या पट्टीची कॉलर फिरते. धूळ तेलात मिसळली की तिची बारीक पॉलिश पेपरसारखी पेस्ट होते आणि ती पिन आणि कॉलर दोघांना घासत राहते. प्रत्येक सांध्याला केसाएवढी ढिलाई येते, आणि चेनभर शंभरावर सांधे असतात.

एका पिनच्या मध्यापासून पुढच्या पिनच्या मध्यापर्यंत नव्या चेनचं अंतर अर्धा इंच, म्हणजे १२.७ मिलीमीटर असतं. चेन ०.७५ टक्के झिजली याचा अर्थ प्रत्येक सांध्यात सरासरी एक दशांश मिलीमीटरही झीज झालेली नाही. तेवढ्याने काम बिघडतं, कारण फ्रीव्हीलचे, म्हणजे मागच्या चाकावरच्या दातेचक्रांच्या संचाचे, दाते बरोबर अर्ध्या इंचावर कापलेले असतात. लांबलेल्या चेनचे रोलर (सांध्यांवर फिरणाऱ्या छोट्या नळ्या) दात्याच्या तळाशी न बसता उतारावर चढून बसतात. भार पाच-सहा दात्यांत वाटला जायचा तो एक-दोन दात्यांवर येतो आणि ते दाते हळूहळू आकड्यासारखे वाकडे घासले जातात. चेनचं दुखणं दात्यांना लागतं ते असं.

मोजायची कशी? माझ्याकडे काही टूल नाही.

फूटपट्टी आहे ना? इंच असलेली, शक्यतो पोलादी, कारण प्लॅस्टिकच्या पट्टीचा शून्य बहुतेक वेळा कडेपासून आत असतो आणि गोंधळ होतो.

बॅटरीची किल्ली बंद करा. पायडलावर हलका दाब देऊन चेनचा वरचा भाग ताठ करा; मागचा ब्रेक कोणीतरी धरला तर सोपं जातं. पट्टीचा शून्य एका पिनच्या बरोबर मध्यावर ठेवा आणि १२ इंचांवर काय आहे ते बघा. चेन नवी असेल तर चोविसावी पिन बरोबर १२ इंचांवर येते (ज्या पिनवर शून्य ठेवला ती मोजायची नाही). मिलीमीटरमध्ये नवीचं अंतर ३०४.८ येतं. ३०६.३ आलं तर ०.५ टक्के झीज, ३०७.१ म्हणजे ०.७५ टक्के, ३०७.८ च्या पुढे म्हणजे १ टक्का ओलांडला.

अर्धा-पाऊण मिलीमीटर डोळ्याने ओळखणं सोपं नाही. म्हणून तीन वेगवेगळ्या जागी मोजा. चेन सगळीकडे सारखी झिजत नाही, सर्वांत वाईट आकडा खरा धरायचा.

चेन चेकर घेऊ का?

घ्या. चांगल्या सायकल दुकानात आणि ऑनलाइनही मिळतो, आणि एका वाचलेल्या फ्रीव्हीलमध्ये त्याचे पैसे वसूल होतात. साधा चेकर म्हणजे दोन टोकांना आकडे असलेली पोलादी पट्टी. एक बाजू ०.५ किंवा ०.७५ ची, दुसरी ०.७५ किंवा १ ची. एक टोक कडीत अडकवायचं आणि दुसरं टोक आपसूक आत पडतंय का ते बघायचं. दाबून घुसवायचं नाही! घुसवलं तर नवी चेनही "झिजलेली" दाखवेल.

या साध्या पट्ट्यांमध्ये एक खोट आहे. त्या दोन रोलरना परस्परविरुद्ध दिशांना ढकलतात, त्यामुळे रोलरची ढिलाईही झिजेत मोजली जाते. रोलर ढिला झाल्याने पिनांमधलं अंतर बदलत नाही. म्हणजे हा चेकर थोडं वाढवून सांगतो. तीन ठिकाणी टेकणारे चेकर ही ढिलाई वगळतात. ते महाग असतात, पण अकरा-बारा स्पीडच्या (म्हणजे मागे तितकी दातेचक्रं असलेल्या गाडीच्या) महागड्या चेनवाल्यांनी तेच घ्यावेत. सात स्पीडवाल्याला साधी पट्टी पुरते.

किती टक्क्यांना बदलायची?

अकरा आणि बारा स्पीडला ०.५ टक्के. सहा ते दहा स्पीडला ०.७५. गियर नसलेल्या, एकच दातेचक्र असलेल्या गाडीला १ टक्क्यापर्यंत थांबायला हरकत नाही, कारण तिथे चेन आणि दाते जोडीने म्हातारे होतात आणि चेन बाजूला सरकत नसल्याने दात्यांवरून उडतही नाही. मिड-ड्राइव्ह असेल तर या मर्यादा गाठायची वाट न बघता थोडं आधीच बदला. तिथे ०.५ वरून ०.७५ वर जायला फार दिवस लागत नाहीत.

आमचे मेकॅनिक काका म्हणतात, चालतेय तोवर चालव. ऐकू का?

काकांचं म्हणणं अगदीच वावगं नाही. गाडी कोणती यावर आहे.

हब मोटर, सात स्पीड, साधं स्क्रूचं फ्रीव्हील अशी गाडी असेल तर चेन काही शे रुपयांची आणि फ्रीव्हीलही त्याच घरातलं. अशा गाडीवर चेन, फ्रीव्हील एकत्र घासू द्यायचं आणि उडायला लागलं की दोन्ही एकदम बदलायचं, हा हिशेब पैशाने जवळजवळ बरोबरीत सुटतो. चेन वेळेवर बदलून दोन-तीन चेनांमागे एक फ्रीव्हील असंही करता येतं. थोडं स्वस्त पडतं, पण लक्ष ठेवावं लागतं. एकच गोष्ट मात्र काकांना विचारा: पुढचं चेनव्हील वेगळं मिळतं का? स्वस्त गाड्यांत ते बरेचदा क्रँकला रिव्हेटने कायमचं जोडलेलं असतं. ते खाल्लं गेलं तर अख्खा क्रँक सेट बदलावा लागतो, आणि तिथे काट्याचा नायटा होतो.

दहा-अकरा स्पीडची कॅसेट (महागड्या गाड्यांत फ्रीव्हीलच्या जागी असणारा दातेचक्रांचा संच) आणि मिड-ड्राइव्ह असेल तर काकांचं अजिबात ऐकू नका. तिथे कॅसेट काही हजारांना पडते.

नवी चेन टाकली आणि आता जास्तच उडतेय! दुकानदाराने फसवलं का?

बहुतेक नाही. जुनी चेन आणि जुने दाते एकमेकांच्या मापाने झिजले होते, म्हणून त्यांचं जमत होतं. नवी चेन अर्ध्या इंचाच्या मापाची, दाते मात्र लांबलेल्या मापाचे झालेले. ज्या दातेचक्रावर तुम्ही जास्त चालवता तिथेच ती उडेल आणि बाकीच्यांवर नीट चालेल. ही खूण पक्की. उपाय म्हणजे फ्रीव्हील किंवा कॅसेट बदलणं. "थोडे दिवस चालव, बसेल" असं सांगतात, ते ऐकून रहदारीत जाऊ नका. जोर लावताना चेन उडाली की पाय रिकामा खाली जातो आणि माणूस दांड्यावर आपटतो.

सगळ्याच गियरवर उडत असेल तर कारण दुसरं शोधा. नवी चेन जोडताना एखादी कडी आवळली गेली असेल: पायडल उलटं फिरवत डिरेलरच्या (गियर बदलताना चेन बाजूला सरकवणाऱ्या मागच्या यंत्रणेच्या) छोट्या चाकांतून चेन जाताना बघा, आवळलेली कडी तिथे उडी मारते. ती दोन्ही हातांनी आडवी वाकवून मोकळी करता येते. किंवा डिरेलर ज्या पट्टीला लटकतो ती वाकलेली असेल. कुरिअरने खोक्यात आलेल्या गाड्यांत हे फार वेळा दिसतं. मागून बघितल्यावर डिरेलरची दोन छोटी चाकं दातेचक्राच्या रेषेत उभी दिसायला हवीत.

सात स्पीडला आठ स्पीडची चेन चालते का? विकत घेताना काय बघायचं?

चालते. सहा, सात आणि आठ स्पीडला एकच चेन असते, बाहेरून रुंदी सात मिलीमीटरच्या आसपास. नऊ स्पीडची साधारण ६.६, दहाची ५.९, अकराची ५.५ आणि बाराची त्याहूनही अरुंद. जितके स्पीड जास्त तितकी चेन बारीक. म्हणून नऊच्या पुढे ज्याला त्याला त्याचीच घ्यावी. एकच गियर असलेल्या बऱ्याच गाड्यांना रुंद, एक अष्टमांश इंचाची चेन लागते. ती गियरच्या गाडीवर बसत नाही.

दुसरं, कड्या मोजा. खोक्यात सहसा ११६ कड्या येतात. लांब फ्रेमच्या किंवा मालवाहू गाड्यांना त्या पुरत नाहीत.

खास ई-बाईकसाठीच्या चेन मिळतात. पैसे वाया का?

केएमसी या चेन बनवणाऱ्या कंपनीच्या ई मालिकेत आठपासून बारा स्पीडपर्यंतच्या चेन आहेत, सायकलचे भाग बनवणाऱ्या शिमानोच्याही आहेत. त्यांत पिनांचं रिव्हेटिंग जास्त मजबूत असतं, म्हणजे जोराच्या ताणात पट्टी पिनेवरून सुटून चेन तुटण्याचा धोका कमी. गंज न धरणारा मुलामा असलेले प्रकारही मिळतात.

मिड-ड्राइव्हसाठी घ्याव्यात असं माझं मत. हब मोटरसाठी ती चार आण्याची कोंबडी आणि बारा आण्याचा मसाला. तुमच्या हब मोटरच्या गाडीला ठाऊकच नाही की तिच्या चेनवर ई-बाईक असं छापलंय. अपवाद समुद्रकाठचा. अलिबाग, रत्नागिरी, मालवण, गोवा अशा खाऱ्या हवेत गाडी उभी राहत असेल तर गंजरोधक मुलाम्याची चेन साध्या गाडीलाही परवडते. झिजण्याआधी गंजून मरणाऱ्या चेन तिकडे कमी नाहीत.

कंपन्यांनाही हे गणित कळलेलं आहे. सायकलचे भाग बनवणाऱ्या स्रॅमने २०१६ मध्ये ई-बाईकसाठी मुद्दाम आठच स्पीडचा ईएक्स-१ संच काढला, बाकी दुनिया अकरा-बाराच्या मागे धावत असताना. शिमानोच्या लिंकग्लाइड संचातही दाते जाड ठेवले आहेत. रोजच्या वापराच्या मिड-ड्राइव्हला कमी स्पीड आणि जाड दाते हेच शहाणपणाचं.

घरी बदलता येईल का? मोटरची भीती वाटते.

येईल. चेन बदलायला मागचं चाक काढावंच लागत नाही, त्यामुळे मोटरच्या वायरीला हातही लावायचा नाही. पण सुरुवात बॅटरी काढून ठेवण्यापासून. नुसती किल्ली बंद करून भागवू नका. थ्रॉटलला (हँडलवरच्या ॲक्सिलरेटरला) चुकून कोपर लागला आणि चाक फिरलं तर बोटं दात्यांत जातील.

गियर सर्वांत लहान दातेचक्रावर आणा, म्हणजे चेन सैल पडते. चेनमध्ये इतरांपेक्षा वेगळी दिसणारी एक कडी असते, तिला क्विक लिंक म्हणतात. तिची दोन टोकं पकडीने एकमेकांकडे दाबली की ती सुटते. क्विक लिंक नसेल तर चेन कटरने कोणतीही एक पिन बाहेर ढकला. हातोडी आणि खिळ्याने पिन काढणारे महाभाग आहेत. बहुतेक वेळा बाजूची कडी वाकते, तेव्हा कटर घ्या.

आता नव्या चेनची लांबी. लोक जुनी आणि नवी शेजारी-शेजारी लटकवतात आणि लांबीने कापतात. जुनी १ टक्का झिजलेली असेल तर ११० कड्यांमागे ती सुमारे १४ मिलीमीटर जास्त लांब दिसते, म्हणजे एका कडीहून जास्त! म्हणून लांबी बघू नका, कड्या मोजा, त्याही दोनदा. जुनी चेनच चुकीच्या लांबीची असेल असा संशय असेल तर नवी चेन पुढच्या सर्वांत मोठ्या आणि मागच्या सर्वांत मोठ्या चक्रावरून डिरेलर वगळून गुंडाळा, जिथे टोकं भेटतात त्याच्या पुढे दोन कड्या जास्त ठेवा आणि बाकीच्या कापा.

चेन डिरेलरमधून ओवताना एक जागा हमखास चुकते. डिरेलरच्या दोन चाकांच्या मध्ये पिंजऱ्याला पत्र्याची एक छोटी जीभ असते. चेन तिच्या आतल्या बाजूने, म्हणजे चाकांच्या बाजूने गेली पाहिजे. बाहेरून गेली तर गाडी चालेल, गियरही पडतील, पण सतत घर्रघर्र आवाज येईल आणि तुम्ही मोटरला दोष देत बसाल.

शेवटी क्विक लिंक जोडा, पायडल फिरवून ती वरच्या बाजूला आणा, मागचा ब्रेक करकचून दाबा आणि पायडलावर जोर द्या. "टक" असा आवाज येऊन ती बसते. दोन्ही बाजूंनी पिना पूर्ण खाचेत गेल्यात का ते डोळ्याने बघून घ्या. मग बॅटरी लावायच्या आधी नुसत्या पायांनी एक फेरी मारा, सगळे गियर पाडून बघा. ते ठीक असेल तर मोटर चालू करून हलक्या चढावर.

क्विक लिंक परत वापरता येते?

सहा ते नऊ स्पीडच्या बऱ्याचशा येतात. दहाच्या पुढच्या अनेक एकदाच वापरायच्या असतात, पाकिटावर लिहिलेलं असतं. दर वेळी नवी घालणं काही महाग नाही.

फ्रीव्हील बदलायचं असेल तर?

हे मात्र हब मोटरवर घरी करायला मी सुचवणार नाही, निदान पहिल्यांदा तरी. चाक काढावं लागतं, वायरीचा जोड सोडवावा लागतो, ॲक्सलचे नट मोठ्या पान्याने खोलावे लागतात, आणि त्यांच्यासोबत असलेले टॉर्क वॉशर कोणत्या क्रमाने, कोणत्या दिशेने होते ते लक्षात ठेवावं लागतं. वॉशर उलटा बसला तर मोटरचा ॲक्सल जागेवर फिरून वायर पिळली जाते. खोलायच्या आधी मोबाइलवर दोन्ही बाजूंचे फोटो काढून ठेवा.

शिवाय स्क्रूचं फ्रीव्हील पायडलच्या जोराने दिवसेंदिवस घट्ट होत जातं. ते सोडवायचा साधा टूल मोटरच्या जाड ॲक्सलवरून कधीकधी आत जात नाही, मोठ्या भोकाचा लागतो. दुकानात जायच्या आधी फोन करून एवढंच विचारा: "हब मोटरचं फ्रीव्हील काढायचा टूल आहे का?" उत्तर देताना अडखळले तर दुसरं दुकान बघा.

तेल कोणतं? घरात शिलाई मशीनचं आहे, इंजिन ऑइल आहे, डब्लूडी-४० आहे.

डब्लूडी-४० चा नेहमीचा निळा-पिवळा डबा गंज सोडवायला आणि पाणी हटवायला आहे, चेनला वंगण म्हणून नाही. मारल्यावर चेन शांत होते, दोन-चार दिवसांत पुन्हा किरकिर. मशीनचं तेल अडीनडीला चालतं, पण पातळ असल्याने फार टिकत नाही. इंजिन ऑइल टिकतं आणि रस्त्यावरची सगळी धूळ गोळा करतं. ग्रीस तर नकोच: ते पिनांच्या आत पोहोचतच नाही, बाहेर माती धरून बसतं.

सायकलच्या चेनसाठीचं तेल घ्या. उन्हाळ्यात पातळ, ज्याला ड्राय म्हणतात ते; पावसाळ्यात घट्ट, वेट म्हणतात ते. पद्धत अशी: बॅटरी बंद. चेनच्या खालच्या पदरावर, आतल्या बाजूने, प्रत्येक रोलरवर एक थेंब. पायडल उलटं पन्नास-एक वेळा फिरवा. दहा-पंधरा मिनिटं थांबा. मग कोरड्या फडक्यात चेन धरून बाहेरचं सगळं तेल पुसून काढा. अगदी सगळं. वंगण आत लागतं, बाहेर राहिलेलं तेल फक्त धूळ बोलावतं. हात लावल्यावर बोटं काळी होत असतील तर पुसणं कमी पडलं.

स्प्रे वापरत असाल तर डिस्क ब्रेकवर कपडा झाका. रोटरवर तेलाचा फवारा गेला तर ब्रेक किंचाळतो आणि लागत नाही, पॅड बदलावे लागतात.

मेण वितळवून त्यात चेन बुडवायची पद्धत हौशी लोकांत लोकप्रिय आहे. कोरड्या मोसमात ती खरंच उत्तम चालते आणि चेन स्वच्छ राहते. रोज ऑफिसला जाणाऱ्यांनी जून ते सप्टेंबरमध्ये तिच्या नादी लागू नये. एका भिजण्यात मेण गेलं की दुसऱ्या दिवशी गंजाची तांबूस पूड दिसते.

धुवायची कशाने?

रंगाच्या दुकानातलं टर्पेंटाइन किंवा डिझेल, जुना टूथब्रश आणि फडकं. पेट्रोलने धुऊ नका, आगीशी खेळ कशाला? चेन गाडीवरच असताना धूत असाल तर द्रव थोडा-थोडा लावा. फ्रीव्हीलच्या आतल्या गोळ्यांतलं ग्रीस धुऊन गेलं तर दुसरंच काम निघतं. नवी चेन मात्र धुऊ नका. कारखान्यात पिनांच्या आत घातलेलं वंगण कोणत्याही बाटलीपेक्षा चांगलं असतं, वरवरचा चिकटपणा कोरड्या फडक्याने पुसून घ्या.

आणि वॉशिंग सेंटरवर स्कूटरबरोबर ई-सायकल उभी करू नका. प्रेशरचं पाणी हब मोटरच्या वायरीच्या तोंडातून आणि क्रँकजवळच्या सेन्सरमध्ये घुसतं.

पावसाळ्यात काय वेगळं करायचं?

भिजून आल्यावर दोन मिनिटं द्या. चेन फडक्याने कोरडी करा आणि दोन-तीन भिजण्यांनंतर तेल घाला. पार्किंगमध्ये ओली सोडून दिलेली चेन एका रात्रीत तांबडी होते. वरचा गंज पुसून जातो, आत पिनेवर धरलेला जात नाही. चिखलातून आला असाल तर आधी बादलीतल्या पाण्याने माती काढा, मग पुसा, मग तेल. चिखलावरच तेल घातलं तर ती झिजवणारी पेस्ट तुम्ही स्वतःच तयार करून देता.

चालवण्याच्या सवयीने फरक पडतो का?

खूप. तेलाइतकाच.

मोटर असली की गियर पाडायचा आळस येतो. सिग्नलला थांबायचं ते सातव्या गियरवर, निघायचं ते सातव्यावर. मोटर ओढून नेते म्हणून जाणवत नाही. पण सर्वांत लहान चक्रावर दाते कमी, भार मात्र तोच, म्हणून प्रत्येक दात्याच्या वाट्याला जास्त येतो. ई-सायकलींच्या फ्रीव्हीलवर सर्वांत आधी हेच लहान चक्र संपलेलं दिसतं, मोठी चक्रं कोरी करकरीत. थांबायच्या आधी दोन-तीन गियर खाली उतरायची सवय लावा.

मिड-ड्राइव्हवाल्यांना एक जास्तीची गोष्ट. गियर बदलताना चेन दोन चक्रांच्या मध्ये तिरकी असते, आणि त्याच क्षणी मोटर पूर्ण जोरात असेल तर "कडाड" असा आवाज येतो. तो आवाज म्हणजे चेनची पट्टी किंवा दात्याचा टवका. कात्रज किंवा बोपदेवच्या घाटात चढ अंगावर आल्यावर गियर पाडू नका, वळण दिसतानाच पाडा. बदलताना अर्धा क्षण पाय हलका करा. काही मोटरी गियर पडताना स्वतःहून जोर कमी करतात, काहींना त्यासाठी वेगळा सेन्सर लावता येतो. तुमच्या गाडीला ही सोय आहे का ते बघून घ्या.

वाटेत चेन तुटली तर?

हब मोटर असेल तर तुम्ही सुदैवी. तुटलेली चेन पूर्ण काढून पिशवीत टाका, कारण लोंबकळत राहिली तर चाकात गुंडाळेल. मग थ्रॉटल असेल तर थ्रॉटलवर घरी जा. थ्रॉटल नसेल, पण फक्त पायडल फिरतंय की नाही एवढंच बघणारा सेन्सर असेल, तर रिकामं पायडल फिरवत राहिलात तरी मोटर चालू राहते. लोक वळून बघतील, बघू देत. बॅटरीवर लक्ष ठेवा.

मिड-ड्राइव्हवाल्याला चेनशिवाय गती नाही. म्हणून त्याने पिशवीत छोटा चेन कटर आणि आपल्या स्पीडची एक क्विक लिंक कायम ठेवावी. तुटलेली जोडी काढून क्विक लिंक घातली की गाडी घरापर्यंत येते. दोन कड्या कमी झाल्याने पुढचं मोठं आणि मागचं मोठं चक्र अशा जोडीवर मात्र जाऊ नका.

माझ्या गाडीला गियरच नाही. चेन सैल होऊन उतरते.

मागचं चाक खाचेत मागे सरकवून ताण द्यायचा. चेनच्या मध्यावर बोटाने वर-खाली केल्यावर साधारण अर्धा इंच खेळ राहावा. तारेसारखी ताठ करू नका, बेअरिंग मरतात. क्रँक पूर्ण फिरवून बघा, कारण चेनव्हील थोडं तिरपं असतं आणि एका जागी ताण जास्त येतो. त्या जागी अर्धा इंच धरायचा. चाक शेवटपर्यंत मागे गेलं आणि तरी सैल, तर चेन संपली.

मी जर्मनीत राहतो, ऑफिसला मिड-ड्राइव्हवर जातो. इथे वेगळं काही?

हिवाळ्यात रस्त्यावर टाकलेलं मीठ. ते चेनचं कोकण समजा: रोज पुसणं, घट्ट तेल, गंजरोधक मुलाम्याची चेन. बॉशच्या जुन्या, २०१४ च्या सुमाराच्या मोटरींना पुढे छोटंसं चक्र असतं, ते पायडलच्या एका फेऱ्यात अडीच वेळा फिरतं. दाते कमी आणि फेरे जास्त, त्यामुळे ते लवकर संपतं. जुनी गाडी विकत घेताना त्या चक्राचे दाते आधी बघा. तिथली दुकानं चेन, कॅसेट आणि चेनव्हील तिन्ही एकदम बदलायला सांगतात. चेन वेळेत बदलली असेल आणि नवीवर काही उडत नसेल, तर तिन्हीची घाई नको.

चेनऐवजी बेल्ट लावून घेता येईल का?

आहे त्या गाडीवर नाही. बेल्टला क्विक लिंक नसते, म्हणून मागची फ्रेम उघडणारी लागते, आणि डिरेलरचे गियर त्यावर चालत नाहीत. नवी गाडी घेताना विचार करा.

चेन वॉरंटीत बदलून मिळते का?

झिजली म्हणून नाही. टायर आणि ब्रेक पॅडसारखीच तीही झिजणाऱ्या भागांत धरतात. काही दिवसांतच तुटली तर मात्र विचारा, आणि तुटलेली कडी जपून ठेवा.

काढलेल्या चेनचं काय करायचं?

बाकीची भंगारात द्या, पण दोन तुकडे ठेवा. एक बारा-पंधरा कड्यांचा, तो जाड पट्टीच्या टोकाला बोल्टने बसवला की कॅसेट काढताना चक्र धरून ठेवायचं हत्यार घरच्या घरी तयार होतं. दुसरा तुकडा पहिल्यांदा कटर वापरणाऱ्याच्या सरावासाठी. पिन किती ढकलली की पूर्ण बाहेर पडते, ते नव्या चेनवर शिकण्यापेक्षा जुन्यावर शिकलेलं बरं.